कडेनं चालणारे ताऊ

मी एकदा एका रस्त्याच्या कडेला खोवलेल्या बाभळीच्या काटेरी फांद्या उपटून जाळायला लावल्या, कारण त्या मला घाणेरड्या दिसत होत्या. वाक्य लिहून पाहिलं तर फारसं भयंकर वाटत नाही. अंगण झाडणारी कुठलीही बाई काटे उचलून टाकेलच. पण मी अंगण झाडत नव्हते. मी रस्त्यांच्या सरकारी खात्यात नवीकोरी कनिष्ठ अभियंता होते. पदवीला पहिला वर्ग होता आणि पायांत दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून घासाघीस करून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट होते. या दोन्ही गोष्टी धुळीनं मळू नयेत, याची मला सारखी काळजी असे. तेव्हाचा एक फोटो अजून कपाटात आहे. नात विचारते, "आज्जी, ही कोण यार, एवढी अकडून उभी?" मी सांगते, आहे एक ओळखीची, फारशी हुशार नव्हती.

त्या फांद्या ताऊंनी लावल्या होत्या. हरियाणात थोरल्या काकांना ताऊ म्हणतात. या माणसाला अख्ख्या गावानं ताऊ करून टाकलं होतं, म्हणून मीही ताऊच म्हणत असे. ताऊ रस्त्याच्या मधून कधीही चालले नाहीत. एक पाय खडीवर आणि दुसरा कडेच्या मातीवर, चपला हातात, अशी त्यांची चाल. पहिल्यांदा त्यांना लांबून येताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा लंगडा आहे. एवढ्यावर थांबले असते तरी बरं, पण लंगड्या माणसाला रस्त्याच्या कामावर कसं ठेवलं, असं मी कार्यालयात विचारलंसुद्धा. सगळे पोट धरून हसले. ताऊ लंगडत नव्हते. रस्ता किती उंच आणि कड किती खचली, हे ते दोन तळव्यांनी एकाच वेळी जोखत चालायचे. इतकी वर्षं असं चालून त्यांचा डावा खांदा खाली उतरला होता, तो सपाट अंगणातही तसाच राहायचा.

रस्ता मानेसरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. खडी आणि मुरूम दाबून केलेला, डांबराचा थेंब नसलेला. मानेसरला कारखाने नुकते उभे राहत होते आणि कंपनीच्या बसगाड्या आसपासच्या गावांतून कामगार गोळा करत या रस्त्यावरून जाऊ लागल्या होत्या. आपल्याकडे ज्यांना मैलकुली म्हणतात, त्यांना तिकडे बेलदार म्हणतात. ताऊ बेलदार होते आणि त्यांच्याकडे एकच काम होतं, रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाजूपट्ट्या सांभाळणं. बाजूपट्टी म्हणजे खडी संपते आणि उतार सुरू होतो, त्यामधली हातभर मातीची पट्टी. समोरून गाडी आली की बाजू द्यायला चाक जिथं उतरतं ती जागा. चाक उतरेपर्यंत तिच्याकडे कुणी बघत नाही.

"रस्ता बीच में से नहीं टूटता, बेटी," ताऊ म्हणायचे, "किनारे से खाया जाता है." असं म्हणताना त्यांचा आवाज खाली जायचा. जणू खाणारा जवळच कुठं बसून ऐकतो आहे.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांना शिकवायला गेले होते. बाजूपट्टीला बाहेरच्या बाजूनं किती उतार हवा, ते मला पुस्तकातलं पाठ होतं. मी पिशवीतून पाणसळ काढली, पट्टीवर ठेवली, बुडबुडा पाहिला आणि जाहीर केलं की उतार अगदी बरोबर आहे. ताऊंनी हातातला लोटा तिथंच कलता केला. पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि माझ्या पांढऱ्या बुटांकडे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध, वाहायला लागलं. मी पाणसळ उलटी धरली होती, की पट्टीवर वाढलेल्या गवतानं माती अडवून ती उंच केली होती, ते मला आजही ठाऊक नाही. ताऊ हसले नाहीत. "पानी को किताब नहीं पढ़नी आती," एवढंच म्हणाले आणि कुदळ घेऊन पट्टी छाटायला बसले. पाऊस पडून गेला की ते फावडं घेऊन निघत आणि जिथं पाणी साचेल तिथं त्याला बाहेरची वाट काढून देत. पाणी उभं राहिलं तर ते खाली बघायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. खाली बघणाऱ्या पाण्याची त्यांना मनापासून भीती वाटे.

आणखी एक सांगते. मी वर्ध्याकडची, बौद्ध घरातली. त्या गावात पहिल्या दिवशी मला तिघांनी आडनाव विचारलं, आणि त्या आडनावाचा अर्थ लागेना तेव्हा चौथ्यानं सरळच विचारलं. त्यानंतर चहा आला तो वेगळ्या पेल्यातून. ताऊ त्या वेळी तिथंच उकिडवे बसले होते. पेल्याकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, तेरी बोतल में पानी है? दे ज़रा." सगळ्यांसमोर माझी बाटली तोंडाला लावून घटाघटा प्यायले आणि मिशा पुसून कामाला गेले. यावर ते पुढं कधी बोलले नाहीत, मीही नाही. पण त्या दिवसापासून त्या रस्त्यावर मी एकटी नव्हते. अशा माणसाचं मी ऐकलं नाही, हे लक्षात ठेवा.

त्या रस्त्यावर एक वळण होतं. वळणाच्या खाली जोहड, म्हणजे गावाचं तळं. म्हशी दुपारी पाण्यात उतरत आणि संध्याकाळी त्याच चढावरून रस्त्यावर येत. त्यांच्या खुरांनी उतार पोखरला होता, वर घोरपडींनी बिळं केली होती. ताऊ दुपारची भाकरी तिथंच कीकरखाली खायचे. कीकर म्हणजे आपली बाभूळ. पण जोहडाकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. मी एकदा सावलीसाठी तशी बसले तर त्यांनी मला उठवून दुसरीकडे बसवलं. मी चेष्टेनं विचारलं, "ताऊ, मगर आहे का आत?" ते म्हणाले, "मगर असती तर दिसली असती."

मग त्यांनी मला फट दाखवली. बाजूपट्टीच्या मातीत, कडेला समांतर, केसाएवढी बारीक, तीस-चाळीस पावलं लांब. मला ती दाखवल्यावरही दिसेना. ताऊंनी बाभळीचा एक लांब काटा मोडला आणि फटीवर आडवा ठेवला, दोन्ही टोकं दोन काठांना टेकलेली. "हा पडला की समजायचं, ती रुंद झाली." आठ दिवसांनी गेलो तर काटा नव्हता. त्यांनी जास्त लांब काटा ठेवला. पुढच्या आठवड्यात तोही गेला. आत कुठं गेला ते पाहायला मी वाकले तर त्यांनी माझ्या दंडाला धरून मागं ओढलं. अंगाला हात लावलेला तो एकच प्रसंग. "ये किसी को लेगा," ते म्हणाले. कोण घेणार, कधी घेणार, काही नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी उतारावर दगडी अस्तर बांधावं म्हणून टिपण लिहिलं. सुंदर लिहिलं होतं, आकृतीसकट. ते टेबलांवरून फिरत राहिलं आणि मी त्या आकृतीवर खूश होऊन बसले. ताऊ मात्र थांबले नाहीत. त्यांनी वळणावरची सैल माती खणून काढली, नवी भरली, पाणी मारलं आणि लाकडी धुम्मसानं कुटायला सुरुवात केली. एकट्यानं किती कुटणार? वर भरलेली माती दिसायला लोण्यासारखी सपाट झाली, आत अजून पोकळ होती. म्हणून त्यांनी त्या तुकड्यावर कीकरच्या काटेरी फांद्या रोवल्या, दाट, कमरेएवढ्या उंच. ही त्यांची जुनीच रीत होती. माती बसेपर्यंत काटे. तिथला ट्रॅक्टरवाला, उंटगाडीवाला, बसचा ड्रायव्हर, सगळ्यांना ती कळायची. काटे दिसले की चाक आत घ्यायचं. फलक लावले असते तर कुणी वाचले नसते. टायर फाटण्याची भीती मात्र प्रत्येकाला असते.

आता वय झालं, तरी माझं लक्ष रस्त्याच्या कडेवरच असतं. नात मला मुनिरकाला किंवा आणखी कुठं गाडीतून नेते आणि मी पूर्ण वाटभर डावीकडे खाली बघत असते. "आज्जी, बाहेर बघ ना, काय ते खाली बघतेस? मेट्रो बघ, झाडं बघ." मी म्हणते, तू चाक कडेला घेऊ नकोस, मग मी झाडं बघेन. नवे डांबरी रस्ते तर आणखी वाईट. डांबरावर डांबर चढवत जातात आणि कडेला वीतभर खोल कापल्यासारखी पायरी होते. वरून गुळगुळीत. मुलं म्हणतात, आज्जीला रस्त्याचं वेड आहे. असू दे.

तर, थंडीत निरोप आला की मुख्य कार्यालयातून मोठे साहेब पाहणीला येणार. माझा परिवीक्षेचा काळ संपत आला होता. साहेब खूश झाले की मी कायम होणार, असं हिशेबी गणित. आमच्या कार्यालयात अशा वेळी एकच उपाय ठरलेला. रस्त्याच्या कडेनं विटा तिरप्या पुरायच्या, एक गेरूनं लाल, एक चुन्यानं पांढरी. गेरू कमी पडला म्हणून मी सगळ्याच पांढऱ्या करायला सांगितल्या. जोहडाच्या वळणावर तर अगदी शेवटच्या काठावर पुरल्या, कारण त्यामुळे रस्ता रुंद दिसत होता. दोरी लावून रांग सरळ केली. मी स्वतः एक डोळा मिटून पाहिलं. काय देखणी दिसत होती. फक्त मध्ये ते काटे.

"ताऊ, हे काढा."

"दोन दिवस राहू दे, बेटी. साहेबांना मी सांगतो, काय आहे ते."

"साहेब तुमच्याशी बोलायला येत नाहीयेत."

हे मी म्हणाले. आज लिहितानाही बोटं अडतात, पण म्हणाले ते म्हणाले. ताऊंनी वळणाकडे हात केला. "विटा काठावर आहेत. धुक्यात ड्रायव्हरला दुसरं काही दिसत नाही. तो पांढरं धरून चालेल."

मी म्हणाले, "चालू दे की. त्यासाठीच तर लावल्यात."

बघा, किती हुशार मुलगी. तिला उत्तरही समोरच्यानं सांगून टाकलं होतं, आणि तिनं ते घड्याळाकडे बघत ऐकलं.

"ठीक है, मैडम जी," ताऊ म्हणाले. "आपका हुक्म." तोवर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं वाक्य. फांद्या पुन्हा कुणी लावू नयेत म्हणून मी त्यांचा ढीग करून पेटवायला लावला. ओल्या बाभळीचा धूर जोहडावर पसरला आणि खाली बसून राहिला, वर जाईना. मजुरांनी त्यावर हात शेकले. मी बूट झटकले आणि दिल्लीची बस पकडली.

सकाळी धुकं असं होतं की गुडगावहून पुढची जीप चालवणारा खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवत होता. मी नऊला पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. जे सांगते आहे ते बसच्या ड्रायव्हरनं सांगितलेलं आहे. तो खडीवर उकिडवा बसला होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. काहीच दिसत नव्हतं. फक्त पांढऱ्या विटा दिसत होत्या. तो त्या धरून येत होता. एकाएकी समोर एक म्हातारा, दोन्ही हात वर, एका हातात वीट. तो ओरडत होता, पण काचेमुळे आवाज आला नाही. ड्रायव्हरनं गाडी आत वळवली. पुढची चाकं खडीवर आली. मागचं चाक काठावरच होतं. कडेची पट्टी त्या फटीपासून सुटली, अख्खी, पाव कापून बाजूला करावा तशी. ज्या तुकड्यावर ताऊ उभे होते तो तुकडा ताऊंसकट खाली गेला.

बस एक चाक हवेत घेऊन तिरकी थांबली होती. पहिल्या पाळीचे कामगार एकेक करून ड्रायव्हरच्या बाजूनं उतरले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग ते सगळे खाली धावले आणि डब्यांच्या झाकणांनी, हातांनी, ताऊंच्याच फावड्यानं माती उपसत राहिले. ताऊंना वर काढलं तेव्हा उशीर झाला होता.

मी वळणाकडे पाहिलं. ताऊ पहाटे येऊन विटा हलवत होते. पलीकडच्या टोकापासून सुरुवात करून एकेक वीट काठावरून उपटायची, चार हात आत पुरायची. अर्धं वळण झालं होतं. त्यांनी लावलेली रांग माझ्या रांगेपेक्षा सरळ होती. अलीकडचं अर्धं राहिलं होतं आणि बस अलीकडून आली.

चौकशीचं आधी सांगून टाकते. आमचे वरिष्ठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला खोलीत बोलावून चहा दिला आणि समजावलं, "बेलदार परवानगीशिवाय विटा हलवत होता. हे खोटं आहे का? नाही. मग एवढंच लिहा. बाकीचं कुणी विचारलेलं नाही." आणि ते खरंच होतं. एक शब्द खोटा न लिहिता मी सुटले असते, आणि ताऊंच्या नावापुढं कायमचं लागलं असतं की स्वतःच्या बेजबाबदारपणानं मेले, सोबत एक भरलेली बसही घेऊन जाणार होते. मी सगळं लिहिलं. काटे कुणी लावले, का लावले, कुणी जाळायला लावले, विटा काठावर कुणाच्या सांगण्यावरून आल्या, ताऊ काय म्हणाले, मी काय म्हणाले. माझं कायम होणं वर्षभर लांबलं आणि मला नकाशांच्या खोलीत बसवलं. पहिला वर्ग तिथं पिवळा पडला. दगडी अस्तर त्याच उन्हाळ्यात बांधलं गेलं. माझी आकृती तशीच्या तशी वापरली.

चौकशी करणाऱ्यांना एका गोष्टीचं नवल वाटलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी त्या वळणावर लाल कापड घेऊन उभी होते, हे ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं. मला तसा हुकूम कुणी दिला होता, असं त्यांनी विचारलं. मी शूर होते असं कुणाला वाटू नये. मी आदल्या संध्याकाळी दिल्लीला पळून जाणार होते. बसथांब्यापर्यंत गेलेही होते. पण पाय ताऊंच्या घराकडे वळले.

अंगणात बायका जमिनीवर बसल्या होत्या. मी आल्यावर त्यांनी रडणं थांबवलं, ते जास्त वाईट होतं. ताऊंच्या बायकोला तिकडे ताई म्हणतात. ती भिंतीला टेकून बसली होती, ओढणी पुढं ओढलेली, चेहरा दिसत नव्हता. मी तिच्यापुढं बसले. बूट काढायचे राहिले होते. मी एका दमात सांगून टाकलं की काटे मी जाळायला लावले, विटा मी काठावर लावल्या, ताऊंनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

ओढणीच्या आतून ती म्हणाली, तिला ठाऊक आहे. ताऊंनी काल जेवताना सांगितलं होतं. काटे परत लावले तर साहेबांना दिसतील, पण विटा पहाटे थोड्या आत सरकवल्या तर साहेबांना रांगही सरळ दिसेल आणि पोरीला बोलणीही बसणार नाहीत.

तेव्हा मला रडू फुटलं. मोठ्यानं, तोंड वेडंवाकडं करून. तिच्या अंगणात, तिच्या दुःखात, रडायचा मान मीच घेतला. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. ताईनं ओढणी मागं सारली. तिचे डोळे कोरडे होते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, जड, कुदळ धरणारा हात, आणि जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"रो मत, बेटी. बस कल सुबह फिर आएगी."